वाफेच्या एंजिनाची प्रतिकृती : पारख आणि खरेदी

खेळण्यातली आगगाडी आणि आगगाडीच्या एंजिनाची प्रमाणबद्ध प्रतिकृती या दोन वस्तू दुकानात पुष्कळदा एकाच फळीवर मांडलेल्या असतात. वरवर पाहणाऱ्याला त्यांच्यातला फरक किमतीपलीकडे फारसा जाणवत नाही. खेळण्याने आगगाडीची आठवण करून दिली की त्याचे काम झाले. प्रतिकृतीने मात्र एका विशिष्ट एंजिनाविषयी, आणि तेही त्या एंजिनाच्या आयुष्यातील एका विशिष्ट काळाविषयी, साक्ष द्यायची असते. साक्ष म्हटली की उलटतपासणी आलीच. ती पैसे मोजण्यापूर्वी कशी करावी, एवढ्यापुरतेच मी आज बोलणार आहे.

आरंभ मापापासून करणे भाग आहे, कारण या बाजारात अक्षरांची जी गर्दी आहे तिने नवखा माणूस गांगरून जातो. रुळांची ठराविक मापे ठरवून देण्याचे श्रेय जर्मनीतील मेर्क्लिन कंपनीकडे जाते. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत तिने रुळांसह आपल्या गाड्या मांडल्या आणि गाड्यांच्या मापांना क्रमांक दिले. आजच्या मापांपैकी ‘ओ’ मापात रुळांतील अंतर ३२ मिलीमीटर असते. ‘एचओ’ मापात ते १६.५ मिलीमीटर असून प्रतिकृती मूळ वस्तूच्या ८७व्या हिश्शाइतकी असते. खऱ्या रुळांतील १४३५ मिलीमीटरांना ८७ने भागले तर साडेसोळाच येतात, तेव्हा येथे हिशेब चोख आहे. इंग्लंडात मात्र ‘ओओ’ नावाचे माप रूढ झाले आणि त्याची हकीकत गमतीची आहे. इंग्लंडातील बोगदे आणि पूल अरुंद; त्यामुळे तेथील एंजिनेही अंगाने बारीक. त्यांची ८७व्या हिश्शाची प्रतिकृती केली, तर त्या काळची मोटार तिच्या पोटात मावेना. यावर कारखानदारांनी तोड काढली ती अशी : एंजिन थोडे मोठे, म्हणजे ७६व्या हिश्शाचे करायचे आणि रूळ मात्र साडेसोळा मिलीमीटरांचेच ठेवायचे. हिशेबाने ते अंतर पावणेएकोणीस मिलीमीटरांहून किंचित अधिक हवे होते. परिणामी इंग्रजी प्रतिकृती समोरून पाहिली, तर धिप्पाड माणसाने पाय जवळ घेऊन उभे राहावे तशी दिसते. १९३८ साली हॉर्नबी डब्लो या नावाने गाड्या निघाल्या त्या याच तडजोडीवर, आणि तेव्हा मुरलेली ती तडजोड आजही इंग्लंडातील बहुसंख्य लोकांनी स्वीकारलेली आहे. हे दुखणे ज्यांना सहन होत नाही ते स्वतः चाके बदलून १८.८३ मिलीमीटरांच्या रुळांवर गाडी चालवतात. अशांची निष्ठा थोर, पण त्यांच्या नादी नवख्याने लागू नये.

आता उदाहरणादाखल एकच एंजिन घेऊ. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे नाव ऐकलेले नाही असा रेल्वेचा शौकीन विरळा. नायजेल ग्रेझ्ली यांच्या आराखड्याप्रमाणे डॉनकास्टरच्या कारखान्यात १९२३ साली ते बांधले गेले. टेंडरसह त्याची लांबी सुमारे साडेएकवीस मीटर. इंग्रजी ‘एन’ मापात, म्हणजे १४८व्या हिश्शाने, याची प्रतिकृती साडेचौदा सेंटिमीटर भरते. ‘ओओ’ मापात अठ्ठावीस, ‘ओ’ मापात एकोणपन्नास, आणि ३२व्या हिश्शाच्या ‘एक नंबर’ मापात सदुसष्ट सेंटिमीटर. मुंबईतल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात यांपैकी कोणते मावेल, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

परंतु ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ची प्रतिकृती हवी, एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या सालचा ‘फ्लाइंग स्कॉट्समन’, हे आधी ठरवले पाहिजे. १९२३ साली ते कारखान्यातून निघाले तेव्हा त्याचा क्रमांक १४७२ होता आणि त्याला नावही नव्हते. ४४७२ हा क्रमांक १९२४ साली वेंब्लीच्या प्रदर्शनाच्या वेळी आला. १ मे १९२८ रोजी लंडनहून एडिंबरोला न थांबता जाणारी पहिली नियमित गाडी त्याने ओढली. वाटेत चालक बदलता यावेत म्हणून त्याच्या टेंडरमधून जाण्यायेण्यास एक चिंचोळा बोळ केलेला होता. १९३४ साली त्याने ताशी शंभर मैलांचा वेग गाठला. १९४७ साली त्याला अधिक दाबाचे बॉयलर बसवून त्याचा वर्गच बदलण्यात आला. पुढे ब्रिटिश रेल्वेच्या अमलात क्रमांक ६०१०३ झाला, १९५९ साली दुहेरी धुराडे आले, आणि १९६१ साली धूर चालकाच्या डोळ्यांपुढे उतरू नये म्हणून धुराड्याच्या दोन्ही बाजूंस पत्रे लावण्यात आले. १९६३ साली ते सेवेतून निघाले आणि ॲलन पेग्लर यांनी ते विकत घेऊन त्याला पुन्हा सफरचंदी हिरवा रंग व ४४७२ हा क्रमांक दिला. १९६९ साली ते अमेरिकेला गेले, १९७३ साली परत आले. २००४ साली यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने ते विकत घेतले आणि दीर्घ दुरुस्तीनंतर २०१६ साली ते पुन्हा रुळांवर आले, ते गडद हिरव्या रंगात, ६०१०३ क्रमांकाने, दुहेरी धुराडे व बाजूचे पत्रे यांसह.

हा इतिहास मी इतक्या तपशिलाने सांगितला, कारण प्रतिकृतीचे खरेखोटे त्यावरच ठरते. बॉयलरच्या पुढे जी धूरपेटी असते तिच्या दोन्ही अंगांस, नव्या बॉयलरबरोबर, झाकणासारखे दोन उंचवटे आले. १९३० सालचे रूप म्हणून विकल्या जाणाऱ्या ४४७२वर हे उंचवटे दिसले, तर साक्षीदार खोटे बोलतो आहे असे खुशाल समजावे. तेच १९६३ नंतरचे रूप म्हणून विकले असेल, तर उंचवटे असलेच पाहिजेत. रंग तोच, क्रमांक तोच, पण एका उंचवट्याने तीस वर्षांचे अंतर पडते. खरेदीपूर्वी त्या एंजिनाची त्या त्या काळातली दोनचार छायाचित्रे मिळवून ती प्रतिकृतीशेजारी ठेवावीत; दुसरा कोणताही सल्ला इतका उपयोगी पडत नाही.

या तपासणीची पातळी किती उंचावली आहे, हे पाहायचे तर मागे वळून पाहावे. हॉर्नबी यांनी १९२७ साली ‘ओ’ मापात पहिला ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ विक्रीस काढला तेव्हा त्याला मधली मोठी चाके सहाऐवजी चारच होती, आणि त्याबद्दल एकाही मुलाने रडून घर डोक्यावर घेतल्याचे ऐकिवात नाही! १९६८ साली ट्रायअँग हॉर्नबीने ‘ओओ’ मापात काढलेल्या एंजिनाची चाके संख्येने बरोबर होती, पण हाताने धरायची दांडी प्लास्टिकच्या अंगातच उठवलेली होती. ही दांडी खऱ्या एंजिनावर सुमारे सव्वा इंच जाड असते. ७६व्या हिश्शाने ती अर्ध्या मिलीमीटरहूनही बारीक होते. आजच्या चांगल्या प्रतिकृतीत ती वेगळ्या तारेची, बारीक खुंट्यांवर तोललेली असते. दोन प्रतिकृतींची तुलना करताना मी प्रथम ही दांडी पाहतो. त्यानंतर चाकांना फिरवणारे दांडे आणि झडपांची यंत्रणा पाहावी. ती जाड व चकचकीत असेल तर बाकी सारे उत्तम असूनही एंजिन खेळण्यासारखे दिसते. अखेरीस रंगाच्या पट्ट्या. हिरव्या अंगावरची पांढरी-काळी किनार बॉयलरच्या वळणावर तुटली आहे काय, हे भिंगातून पाहण्याची लाज वाटू देऊ नये.

येथे एक सावधगिरीचा इशारा देतो. तपशील आणि चाल यांचे नेहमीच सख्य असते असे नाही. दुकानातून मिळणाऱ्या ठराविक वळणांपैकी दुसऱ्या क्रमांकाच्या वळणाची त्रिज्या ४३८ मिलीमीटर असते. ७६ पटींनी ती तेहतीस-चौतीस मीटर होते. खऱ्या ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ला असे वळण घ्यायला लावले, तर ते पहिल्याच चाकाशी रूळ सोडील. तरी प्रतिकृतीने ते घ्यावे अशी गिऱ्हाइकाची मागणी असते. म्हणून कारखानदार एंजिन आणि टेंडर यांच्यामधली फट वाढवतो, मागच्या छोट्या चाकांची कड काढून टाकतो आणि ती रुळांवर टेकल्यासारखी नुसती तरंगत ठेवतो. हे दोष नव्हेत, या अटी आहेत. ज्याला एंजिन काचेच्या कपाटात ठेवायचे आहे त्याने कड असलेली चाके सोबत दिली आहेत काय, ते विचारावे. ज्याला ते चालवायचे आहे त्याने आपले टेबल निदान सव्वातीन फूट रुंद आहे काय, ते आधी मोजावे.

वजनाचा प्रश्नही असाच. मूळ एंजिन टेंडर सोडून सुमारे ९६ टनांचे. लांबी ७६ पटींनी घटली की वजन ७६च्या घनाने घटते. या न्यायाने प्रतिकृती अवघी २२० ग्रॅम भरेल, आणि एवढ्या वजनावर तिची चाके डब्यांची रांग ओढताना जागच्या जागी फिरू लागतील. म्हणून आत धातूचे ओतीव तुकडे भरतात. तेव्हा हातात घेतल्यावर जड लागणारे एंजिन हे सामान्यतः शुभलक्षण होय. मोटार एंजिनात आहे की टेंडरमध्ये, हेही विचारावे. सत्तरीच्या दशकानंतर बराच काळ ती टेंडरमध्ये घालण्याची रीत होती. त्यामुळे टेंडरच एंजिनाला ढकलीत नेई. जुन्या बाजारात अशी एंजिने स्वस्त मिळतात, ती याचमुळे. चालीची परीक्षा वेगात घेऊ नये. वेगात सगळीच एंजिने चांगली धावतात. फलाटावरून सुटणाऱ्या गाडीच्या गतीने, माणूस पायी चालेल तितक्या संथपणे, ते न अडखळता सरकते काय, एवढेच पाहावे.

सरकारी खरेदीत तीन दरपत्रके मागवून तुलनात्मक तक्ता करण्याची आणि सर्वांत कमी दराचे पत्रक स्वीकारण्याची पद्धत आहे. माझी सारी नोकरी त्या पद्धतीत गेली असली, तरी या बाबतीत ती लागू पडत नाही असे मला वाटते. प्लास्टिकच्या अंगाचे, कारखान्यातून हजारोंनी निघालेले चांगले ‘ओओ’ एंजिन आज दोनशे पौंडांच्या पलीकडे जाते. पितळी पत्र्याचे, हाताने डाग देऊन जोडलेले, जपानात व पुढे कोरियात थोड्या संख्येने तयार झालेले एंजिन त्याच्या कित्येक पट. पितळी एंजिनाच्या कारागिरीपुढे मान लववावी लागते. पण त्यांतली पुष्कळशी न रंगवलेली येतात आणि जुन्यांच्या मोटारी सुमार असतात. खरी वाफ करून चालणारी, स्पिरिटवर पेटणारी एंजिने हा तिसराच प्रांत आहे. त्यांना अंगण लागते आणि शेजारी समजूतदार लागतात. माझा कौल पहिल्या वर्गाला आहे. गेल्या वीसएक वर्षांत या वर्गातील प्रतिकृती तपशिलात इतक्या पुढे गेल्या आहेत की अधिक पैसे मोजून मिळणारा फरक उघड्या डोळ्यांना क्वचितच दिसतो.

वापरलेले एंजिन घेणाराने एका रोगाची माहिती ठेवलीच पाहिजे. एंजिनाचा सांगाडा पुष्कळदा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतलेला असतो. ओतताना त्यात शिशासारख्या धातूचा अल्पसा अंश मिसळला गेला, तर काही वर्षांनी सांगाडा आतून फुगू लागतो, त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि शेवटी बिस्किटासारखा त्याचा भुगा होतो. यावर उपाय नाही. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त अभियंत्यांनी सेवानिवृत्तीच्या रकमेतून परदेशातील एका विक्रेत्याकडून असे एंजिन मागवले. छायाचित्रात ते देखणे होते. पेटी उघडली तेव्हा सांगाडा केळ्यासारखा वाकलेला, आणि विक्रेता उत्तर देईना. तेव्हा जुनी वस्तू घेताना अंगावरचे छायाचित्र पुरे मानू नये. एंजिन उताणे करून खालून काढलेले छायाचित्र मागावे. सांगाडा सरळ आहे काय, रंगाला फोड आले आहेत काय, चाके एका रेषेत आहेत काय, हे त्यातच कळते. हा रोग केवळ जुन्यांनाच होतो असेही नाही. या शतकाच्या आरंभी चीनमध्ये झालेल्या काही मालातही तो निघाला आहे.

आपल्याकडील शौकिनाला आणखी एक अडचण आहे. त्याचे मन ज्या एंजिनांत गुंतलेले असते ती बहुधा आपल्या ब्रॉडगेजची, गोळीसारख्या नाकाच्या ‘डब्ल्यू पी’ वर्गासारखी असतात. आपल्या ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलीमीटर. ८७व्या हिश्शाने ती सव्वाएकोणीस होते, आणि बाजारातील रूळ साडेसोळाचे. म्हणजे एंजिन मिळाले, तरी ते पाय जवळ घेऊनच उभे राहणार. दार्जिलिंगच्या दोन फुटी मार्गाचे भाग्य यापेक्षा बरे. १९व्या हिश्शाने केलेली त्याची प्रतिकृती ३२ मिलीमीटरांच्या रुळांवर तंतोतंत बसते आणि इंग्लंडात ती खऱ्या वाफेवर चालणारीही तयार झाली आहे. ज्यांनी छोटी गाडी प्रत्यक्ष चालताना पाहिलेली नाही त्यांनी पैसे पाठवण्याआधी पुण्यात कोथरूडला, भाऊ जोशी यांनी उभारलेल्या आणि १९९८ साली सुरू झालेल्या संग्रहालयात एक तास घालवावा.

मागणी परदेशी नोंदवताना आयात शुल्क व टपाल मिळून एकूण किती पडेल, ते आधी विचारून घ्यावे. वीजपुरवठ्याची पेटी अमेरिकेतून आली असेल तर ती १२० व्होल्टांची असू शकते. आपल्या २३० व्होल्टांना ती थेट लावली तर एंजिन पाहण्यापूर्वीच धूर पाहावा लागेल. एंजिन घरी आल्यावर ते ओझ्याविना अर्धा तास पुढे व अर्धा तास मागे, मध्यम गतीने फिरू द्यावे. तेल प्लास्टिकला न खाणारे असावे आणि सुईच्या टोकावर मावेल इतकेच घालावे. पितळी एंजिनाभोवती जुना फोम गुंडाळलेला असेल तर तो आधी काढून टाकावा. काळांतराने तो चिकट होऊन अंगाला लागतो आणि लकाकी घालवतो. त्याऐवजी मऊ बिनआम्ल कागद वापरावा, आणि कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी पेटीत ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी ठेवून ती दर महिन्याला पालटावी.