गार टायरची वेळ

पहाटे साडेपाचला मामांनी टायरवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "आण मीटर." बऱ्हाणपुरात मे महिन्यात गाडी खऱ्या अर्थाने गार असते ती एवढा तासभरच. हवा मोजायची तीही गार टायरचीच. धावून तापलेल्या टायरमध्ये काटा चार-पाच पौंड जास्त दाखवतो. त्यावर विसंबून हवा कमी केली की टायर दबून पळतो, त्याच्या कडा वाकत राहतात, तो आणखी तापतो आणि ऐन दुपारी फुटतो.

मामांची सतरा सीटची जुनी ट्रॅव्हलर आहे. मागच्या दोन रांगा काढून तिथे आजीसाठी फळीचा पलंग केलाय, खाली भांड्यांची पेटी, दाराजवळ गॅसची शेगडी. बेत होता खकनार, धारणी, सेमाडोह करत चिखलदऱ्याला जायचा.

टायरच्या कडेला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. स्टेपनीवर होतं 2316, म्हणजे 2016 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत. कधी वापरलीच नव्हती. पण मामांनी रबर अंगठ्याने दाबलं तेव्हा खोबणीत केसासारख्या भेगा उघडल्या. न वापरलेलं रबरही म्हातारं होतं, हे मला तेव्हा कळलं. स्टेपनी बदलायची ठरली.

सातला मिस्त्री आले. रेडिएटरचं झाकण त्यांनी आधी जाड फडक्याने झाकलं, मग सावकाश फिरवलं. इंजिन रात्रभर बंद होतं, तरीसुद्धा. तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं तर दाबाखालचं पाणी उसळून थेट तोंडावर येतं, म्हणून हाताला ही सवय हवीच. मी बादली घेऊन आले, तर त्यांनी हात आडवा केला: "नल का नहीं, बेटा." कूलंटमध्ये मिसळायचं ते बॅटरीचं शुद्ध पाणी. बऱ्हाणपूरकराला याचं कारण वेगळं सांगायला नको. 1615 साली, मुघल सुभेदार खानखानांच्या काळात बांधलेल्या कुंडी भंडारा या भुयारी पाणीयोजनेत उतरलं की भिंतींवर चुन्याचे पांढरे थर दिसतात. सातपुड्यातून झिरपत येणारं पाणी सोबत चुना आणतं. असा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरला, तर घाट चढताना इंजिन उकळणारच.

ब्रेक ऑइल काळपट झालं होतं, तेही बदललं. ते हवेतला ओलावा शोषतं. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. म्हणून मिस्त्रींनी मामांना दोनदा बजावलं: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.

शेवटी शेगडी. वाटीत साबणाचा फेस करून मी ब्रशने रेग्युलेटरपासून नळीच्या टोकापर्यंत लावत गेले. नळी जिथे शेगडीला बसते तिथे एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. वास मुळीच नव्हता. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीशी साचतो. बंद गाडीत म्हणजे बरोबर आजीच्या पलंगाखाली.

मामा बराच वेळ त्या बुडबुड्याकडे बघत राहिले. नवी नळी वीस मिनिटांत बसली असती. पण वाटेतल्या मेळघाटाच्या जंगलात या दिवसांत सागाची वाळलेली पानं घोटाभर पडलेली असतात. एक ठिणगी पुरते. त्यांनी रेग्युलेटर काढला, सिलिंडरला टोपी लावली आणि तो घरात नेऊन ठेवला.

"अगं," त्यांनी मामीला हाक मारली, "दशम्या जास्त कर."