गाडीचा टप गळतो : कोटिंग कोठे चुकते?

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात आमच्या ओळखीच्या एका बॉडी मिस्त्रींकडे एक गाडी आली. मिनीबसच्या चासीवर बांधलेले फिरते घर. आत दोन पलंग, ओटा, छोटे न्हाणीघर. ज्याला मोटारहोम किंवा कॅरव्हान म्हणतात, तो प्रकार. मालकाने उन्हाळ्यात स्वतः टपावर चढून पांढरे कोटिंग मारले होते. डबा चांगल्या प्रतीचा, दोन हात दिलेले, दिसायला झकास. तरीही पहिल्याच मोठ्या पावसात उशाशी पाणी टपकू लागले. मिस्त्रींनी शोध घेतला, तेव्हा पाणी शिरत होते ते पलंगापासून पाच फूट पुढे, हवेच्या झडपेच्या चौकटीखालून. चौकटीभोवती जुना सिलिकॉन होता आणि त्यावरचे नवे कोटिंग सालीसारखे नखाने निघत होते. खालचा प्लाय कुजला होता. कोटिंगचा खर्च गेला तो गेलाच, वर प्लाय बदलण्याचे बिल आले.

हे वाहन मूळ अमेरिका-युरोपकडचे. अमेरिकेत इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे शहर त्याच्या कारखानदारीसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिकडे मजुरी महाग असल्याने टपाचे कोटिंग मालक सर्रास स्वतः करतात. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचे धोरण आणले. अशी गाडी आपली स्वतःची असो की गिऱ्हाइकाची, टपाचे काम एकच आहे. मालाच्या बंद टेम्पोचा टपही याच पद्धतीने करता येतो.

आधी सांधे, मग कोटिंग

सपाट पत्रा सहसा गळत नाही. गळते ते भोकाभोवती : हवेची झडप, एसीची चौकट, अँटेनाचा पाय, सोलर पॅनेलचे स्क्रू, कडेच्या पट्टीचे रिव्हेट. परदेशी गाड्यांत एसीसाठी टपाला चौदा इंची चौकोनी भोक असते. एवढ्या मोठ्या भोकाची कड नुसत्या रंगाने बंद होईल, अशी आशाच धरू नये.

म्हणून डबा उघडण्याआधी पाण्याची परीक्षा घ्यावी. एकाने आत बसावे, दुसऱ्याने नळीने हळू पाणी सोडावे. सुरुवात उताराच्या खालच्या बाजूने करावी आणि एकेक सांधा घेत वर यावे. वरून सुरुवात केली तर सगळेच भिजते आणि चोर सापडत नाही. सापडलेल्या जागेवर खडूने खूण करावी. मग आतून छत अंगठ्याने दाबून पाहावे. प्लाय मऊ लागला तर काम थांबवावे. ओल्या प्लायवर कोटिंग मारले की पाणी आत कोंडते, ऊन पडल्यावर त्याची वाफ होते आणि फोड येतात. कुजलेला तुकडा बदलावा, ओला प्लाय पूर्ण वाळू द्यावा. त्याला कित्येक दिवस लागतात, घाई करून भागत नाही.

जुना सिलिकॉन असेल तर तो सुरीने पूर्ण खरवडून काढावा. सिलिकॉनवर सिलिकॉनशिवाय दुसरे काही धरत नाही. वरच्या गाडीचा सगळा घोटाळा एवढ्याच गोष्टीचा होता. सांध्यांवर, खाली असेल त्या पृष्ठभागाला चालणारे सीलंट भरावे. सांधा लांब असेल तर कोटिंगचा एक हात, त्यावर पॉलिएस्टर कापडाची पट्टी, आणि पट्टी ओली असतानाच पुन्हा कोटिंग. पत्रा उन्हाने ताणतो-आकसतो, तेव्हा नुसता थर चिरतो. कापड त्याला धरून ठेवते.

टप कशाचा आहे?

टपाला हात लावून, टोकाशी पाहून हे ठरवावे. जस्ताचा पत्रा असेल तर त्यावर थेट तेलरंग मारू नये. जस्ताशी त्याची क्रिया होते आणि काही काळाने रंग पापुद्र्यांनी सुटतो. त्यासाठी जस्ताला चालणारा प्रायमर घ्यावा. गंजलेल्या जागी वायर ब्रश आणि पॉलिश पेपर मारून चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासावे. फायबरचा टप असेल तर बारीक पेपरने चमक मारावी.

आयात केलेल्या गाड्यांवर बरेचदा रबराचे आवरण असते, त्याला ईपीडीएम म्हणतात. जुने झाले की त्यावर हात फिरवताच पांढरी भुकटी लागते. ही भुकटी ब्रशने घासून, धुऊन जाईपर्यंत कोटिंग धरणार नाही. ते धुण्यासाठी साबणाचे पाणी पुरे. पेट्रोल, रॉकेल, थिनर तेथे अजिबात चालत नाही. रबर फुगते आणि खालच्या लाकडापासून सुटते. आपल्या गॅरेजमध्ये हात आपोआप थिनरच्या डब्याकडे जातो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

शंका असेल तर हातभर जागेवर कोटिंगमध्ये कापडाची चिंधी चिकटवावी, टोक मोकळे ठेवावे, पूर्ण वाळल्यावर ओढून पाहावे. चिंधी सहज निघाली तर डबा परत नेऊन द्यावा, टपावर ओतू नये.

कोटिंगचा हिशेब

पाण्यातले ॲक्रिलिक स्वस्त आणि लावायला सोपे, पण टपावर खळगा असून पाणी साचत असेल तर ते तेथे नरम पडते. सिलिकॉन साचलेले पाणी सोसते. मात्र एकदा लावले की पुढे कायम सिलिकॉनच लावावे लागते. दोन डब्यांचे पॉलियुरेथेन मजबूत असते, पण त्याची वाफ छातीला वाईट. मोकळ्या हवेत, योग्य मास्क लावूनच ते काम करावे, आणि जवळपास विडी पेटवू नये.

दुकानात आपण लिटरचा भाव विचारतो, तेथेच फसतो. एक लिटर कोटिंग एक चौरस मीटरवर पसरले की ओला थर एक मिलिमीटर होतो. वाळल्यावर किती उरेल, हे डब्यातल्या घन भागावर ठरते. समजा एका डब्यात आकारमानाने ३५ टक्के घन भाग असून भाव लिटरला ४०० रुपये आहे, आणि दुसऱ्यात ५० टक्के असून भाव ५०० आहे. पहिल्यात टपावर उरणाऱ्या एका लिटर घन मालाला सुमारे ११४३ रुपये पडतात, दुसऱ्यात १०००. स्वस्त डबा महाग निघाला! टक्केवारी विचारताना वजनाची नव्हे, आकारमानाची विचारावी. भुकटी जड असल्याने वजनाचा आकडा फुगलेला दिसतो.

पाच मीटर लांब आणि दोन मीटर रुंद टप म्हणजे दहा चौरस मीटर. प्रत्येक हाताला मीटरमागे अर्धा लिटर धरला तर दोन हातांना दहा लिटर. त्याच टपावर कोणी चार लिटरात काम उरकले असेल, तर थर कितीसा बसला असेल ते आपणच ताडावे.

हवामान आणि वेळ

पावसाळा संपल्यावर, टप पूर्ण वाळला की ही कामे काढावीत. थंडीत सकाळी दव असते. ते वाळेपर्यंत थांबावे आणि संध्याकाळचे दव पडण्याआधी थर सुकेल एवढा वेळ हातात ठेवावा. १० अंशांखाली पाण्यातले कोटिंग नीट जमत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी उलट होते, तापलेल्या पत्र्यावर वरची साय लगेच धरते, खालचे ओले राहते आणि फोड येतात. हात ठेववत नाही अशा पत्र्यावर रोलर फिरवू नये.

टपावर चढताना खालच्या आडव्या पट्ट्यांवर टेकेल अशी फळी टाकावी, नाहीतर पाय आत जातो. काम दूरच्या टोकापासून शिडीकडे करत यावे. पाणी जाण्याची पन्हळ आणि कडेची भोके कोटिंगने बुजवू नयेत.

गिऱ्हाइकाचे काम घेताना सांध्यांची मजुरी आणि कोटिंगची मजुरी वेगळी लिहून द्यावी. "नुसते वरून मारून द्या, गाडी विकायची आहे," असे सांगणाराही येतो. कुजलेल्या प्लायवर पांढरा हात मारून देणे म्हणजे पुढच्या खरेदीदारापासून दोष लपवणे झाले. असे काम नाकारलेले बरे. दोष सांगून माल विकावा, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही.

काम संपल्यावर दाराच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने तारीख, कोटिंगचा प्रकार आणि बदललेल्या सांध्यांच्या जागा लिहून ठेवाव्यात. पाच वर्षांनी टपावर चढणाऱ्या मिस्त्रीला, वर सिलिकॉन आहे की ॲक्रिलिक, हे तेथेच वाचता येईल.