विनोदाने हुकूमशाही पडते का? गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोव्हिएत संघात राजकीय विनोदाला 'अनेकदोत' म्हणत. त्याला लेखक नसे आणि तो कुठे छापून येत नसे. स्वयंपाकघरात, विश्वासातल्या चार माणसांत तो सांगितला जाई आणि तिथून पुढच्या घरी पोहोचे. नाझी जर्मनीतही असे विनोद दबक्या आवाजात फिरत. पुढे ते 'कुजबुजीचे विनोद' म्हणून ओळखले गेले. या विनोदांविषयीच्या काही समजुती विनोदांइतक्याच पसरल्या आहेत. त्यांतली पहिली सर्वांत लाडकी आहे आणि सर्वांत चुकीचीही.

गैरसमज : लोकांच्या विनोदांनी हुकूमशाही पोखरली आणि शेवटी पाडली.

वस्तुस्थिती : या दाव्यासाठी बहुधा जॉर्ज ऑर्वेल यांचा आधार घेतला जातो. विनोद म्हणजे छोटी क्रांती, अशा अर्थाचे विधान त्यांनी १९४५ साली केले हे खरे. पण ते इंग्रजी विनोदी लेखनाच्या अवस्थेवरच्या निबंधात आहे. हुकूमशाही कशी कोसळते हा त्या निबंधाचा विषयच नाही.

कालक्रम पाहिला तरी दावा टिकत नाही. सोव्हिएत नेते लिओनिद ब्रेझनेव्ह १९६४ पासून १९८२ पर्यंत सत्तेवर होते. त्यांच्या पदकांच्या हव्यासावर, जाड भुवयांवर, कागदावरून वाचलेल्या भाषणांवर असंख्य विनोद होते आणि ते मॉस्कोपासून मध्य आशियापर्यंत सांगितले जात. तरीही या अठरा वर्षांत सत्ता डळमळली नाही. ब्रेझनेव्ह पदावर असतानाच वारले. सोव्हिएत संघ कोसळला तो १९९१ मध्ये, आणि त्यामागची कारणे सर्वज्ञात आहेत : कुंठित अर्थव्यवस्था, १९८६ मध्ये घसरलेले तेलाचे भाव, अफगाणिस्तानातले दीर्घ युद्ध, शेवटचे सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी दिलेली बोलण्याची मोकळीक, बाल्टिक प्रजासत्ताकांतल्या चळवळी आणि ऑगस्ट १९९१ मधला फसलेला उठाव. या यादीत विनोद घुसडायचा तर पुरावा द्यावा लागेल, आणि तो कुणीही दिलेला नाही.

विनोद सांगणारा प्रत्येक जण सत्तेचा विरोधक होता, हेही गृहीतच. इतिहासकार जोनाथन वॉटरलो यांनी स्टालिनच्या १९३० च्या दशकातल्या विनोदांचा अभ्यास केला. त्यात दिसते ते असे की, रांगा, टंचाई आणि फसलेल्या आश्वासनांवर हसणाऱ्यांत व्यवस्थेशी जुळवून घेतलेले, तिच्यावर थोडाफार विश्वास असलेले लोकही होते. सकाळी कारखान्यात ठराव मंजूर करायचा आणि रात्री त्याच ठरावावर विनोद सांगायचा, यात त्यांना विसंगती वाटत नसे. जर्मनीत हिटलरचा सहकारी ग्योरिंग याच्या गणवेशांवर आणि पदकांवर भरपूर विनोद होते. पण त्यांतल्या अनेकांत राग कमी आणि लाडीक चेष्टाच जास्त होती. युद्धानंतर मात्र असेच विनोद 'आम्ही विरोधात होतो' हे दाखवण्यासाठी पुढे केले गेले. या विषयावर पुस्तक लिहिणारे रुडॉल्फ हेर्झोग यांनी तो दावा स्पष्ट नाकारला आहे. त्यांच्या मते विनोदाने साचलेला राग बाहेर पडे आणि माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जाई.

'मग सत्ता विनोदाला शिक्षा का करी?' हा प्रश्न हमखास येतो. उत्तर साधे आहे. जिथे प्रत्येक शब्दावर ताबा हवा असतो, तिथे ताब्याबाहेरचा कोणताही शब्द गुन्हा ठरतो. मित्राला लिहिलेल्या पत्रांत स्टालिनवर टीका केली म्हणून १९४५ मध्ये लेखक सोल्झेनित्सिन यांना अटक झाली आणि आठ वर्षांची शिक्षा मिळाली. त्या पत्रांनी सत्ता हादरणार होती असे कुणी म्हणत नाही. शिक्षेवरून सत्तेचा स्वभाव कळतो, विनोदाची ताकद कळत नाही. विनोदाचे अभ्यासक क्रिस्टी डेव्हिस यांनी राजकीय विनोदाला तापमापकाची उपमा दिली होती. तापमापक ताप दाखवतो, उतरवत नाही.

हा गैरसमज निरुपद्रवी नाही. २५ ऑगस्ट १९६८ रोजी चेकोस्लोव्हाकियावरील सोव्हिएत आक्रमणाच्या निषेधार्थ आठ माणसे मॉस्कोच्या लाल चौकात फलक घेऊन बसली. काही मिनिटांत त्यांना मारहाण झाली, अटक झाली. पुढे कुणाला श्रमछावणी, कुणाला हद्दपारी, कुणाला सक्तीचे मनोरुग्णालय मिळाले. स्वयंपाकघरातल्या हशाला 'प्रतिकार' म्हटले, तर या आठ जणांनी केले त्याला काय म्हणायचे?

गैरसमज : एक विनोद सांगितला की छावणी किंवा मृत्यू ठरलेलाच.

वस्तुस्थिती : धोका खरा होता, पण सर्वत्र आणि सदैव सारखा नव्हता. सोव्हिएत दंडसंहितेच्या कलम ५८ च्या दहाव्या पोटकलमाखाली 'सोव्हिएतविरोधी प्रचार' हा गुन्हा होता आणि विनोद त्यात सहज बसवता येई. स्टालिनच्या १९३७-३८ च्या दहशतीत एका वाक्याने आयुष्य संपू शके; १९७० च्या दशकात तेवढ्यासाठी तुरुंग क्वचितच मिळे. जर्मनीत सत्तेविरुद्धच्या बोलण्याला शिक्षा करणाऱ्या १९३४ च्या कायद्याखाली अनेक जण ताकीद किंवा थोड्या कैदेवर सुटले. विनोदी नट व्हेर्नर फिंक यांचा बर्लिनमधला रंगमंच १९३५ मध्ये बंद झाला, त्यांना छावणीत टाकले गेले, पण काही आठवड्यांनी सोडले. युद्ध जर्मनीवर उलटल्यावर चित्र बदलले. मरणासन्न सैनिकाच्या दोन बाजूंना हिटलर आणि ग्योरिंग यांची चित्रे ठेवतात आणि तो म्हणतो, 'आता मी ख्रिस्तासारखा मरतो', म्हणजे दोन चोरांच्या मध्ये. हा विनोद सांगितल्याबद्दल कॅथलिक धर्मगुरू योसेफ म्यूलर यांना सप्टेंबर १९४४ मध्ये मृत्युदंड दिला गेला. सांगणारा कोण, ऐकणारा कोण आणि वर्ष कोणते, यांवर शिक्षा ठरे.

गैरसमज : विनोदात सांगितलेले ते इतिहास म्हणून घ्यावे.

वस्तुस्थिती : सोव्हिएत संघातल्या श्वेतसागर कालव्याचा एक काठ विनोद सांगणाऱ्यांनी खणला आणि दुसरा ऐकणाऱ्यांनी, असा एक प्रसिद्ध विनोद आहे. १९३१ ते १९३३ मध्ये २२७ किलोमीटरचा हा कालवा कैद्यांनीच खणला. पण त्यांत मोठा भरणा जमीन हिरावून घेतलेल्या शेतकऱ्यांचा आणि साध्या गुन्हेगारांचा होता.

गैरसमज : हुकूमशाहीत छापील विनोदाला जागाच नसते. वस्तुस्थिती : 'क्रोकोदील' हे सोव्हिएत व्यंग्य नियतकालिक १९२२ पासून निघत होते; त्यात आळशी कारकून आणि लाचखोर व्यवस्थापक यांच्यावर हसण्याची परवानगी होती, नेत्यांवर नव्हती.

गैरसमज : हे विनोद गुप्त पोलिसच तयार करत. वस्तुस्थिती : ही अफवा जुनी आहे, तिला पुरावा नाही.

गैरसमज : हे विनोद त्याच सत्तेच्या काळात जन्मले. वस्तुस्थिती : उंटांची धरपकड सुरू आहे म्हणून पळणारे आणि 'आपण उंट नाही हे सिद्ध कसे करणार?' असे विचारणारे ससे स्टालिनच्या काळातले मानले जातात. फारसी कवी सादीच्या १२५८ सालच्या 'गुलिस्तान'मध्ये हेच उत्तर एक कोल्हा देतो.

विनोदाने सत्ता पाडली नाही, पण समोरचा माणूस विश्वासाचा आहे की नाही हे त्यातून कळे, आणि खोटे हे खोटेच आहे याची खूण माणसांना जपता येई. त्याचे मोल एवढेच, आणि ते कमी नाही. त्यासाठी माणसांनी मोजलेली किंमतही खरी होती. १८ ऑक्टोबर १९९१ च्या रशियन कायद्याने 'सोव्हिएतविरोधी प्रचारा'साठी शिक्षा झालेल्या सर्वांना निर्दोष ठरवले. आरोपातले शब्द त्यांनी खरोखर उच्चारले होते की नाही, हे तपासण्याची गरजही त्या कायद्याने ठेवली नाही.