साहेब न येणाऱ्या दिवशी

आजचा शब्द आहे ‘स्वनेतृत्व’. प्रशिक्षणाच्या स्लाइडवर शोभेल असा जड शब्द, पण गोष्ट साधी आहे. साहेब तपासायला येवोत न येवोत, आपल्या कामावर आपणच नजर ठेवायची आणि गरज पडेल तिथं ते आपणच वळवायचं. चार्ल्स मान्झ या अमेरिकी अभ्यासकानं १९८६ मध्ये ही कल्पना मांडली. स्वतःचं वागणं तपासणं, कामातच गोडी शोधणं, मनातल्या विचारांना वळण लावणं, असे तिचे भाग आहेत. मला पहिला भाग शिक्षकांच्या सगळ्यात कामाचा वाटतो.

समजा, चौथीचा वर्ग आहे, तीस मुलं. बाईंना वाटतं, मी सगळ्यांनाच प्रश्न विचारते. मग एक आठवडा हजेरीपटाची झेरॉक्स टेबलावर ठेवायची. ज्याला विचारलं, त्याच्या नावापुढं एक रेघ. शनिवारी बघायचं. पुढं बसणाऱ्या सात-आठ जणांपुढं रेघांची गर्दी आणि काही नावं अगदी कोरी, असं निघू शकतं. मग पुढच्या आठवड्याचं ध्येय छोटंसं ठेवायचं: कोऱ्या नावांपैकी रोज दोघं. आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत गप्प थांबायचं. तेच अवघड असतं बघा!

डिसले गुरुजींचं उदाहरण सगळेच देतात. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ, दहा लाख डॉलर, त्यातली निम्मी रक्कम इतर नऊ स्पर्धकांना. मला त्याआधीचा भाग मोठा वाटतो. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ते कुठल्या जीआरची वाट न बघता. राज्याच्या पाठ्यपुस्तकांत कोड आले ते नंतर.

पण याचा अर्थ शिक्षकानं सगळं खिशातून आणि सुट्टीत करावं, असा कुणी काढू नये. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामं द्यायची नाहीत. वर्गाकडं बघायला वेळच उरला नाही, तर रेघ ओढणार कधी?

मुख्याध्यापक कुणी ऐकत असतील तर एक विनंती. तो रेघांचा कागद फाइलला लावायला मागू नका. मागितलात की रेघा तुमच्यासाठी ओढल्या जातील, सगळ्या नावांपुढं सारख्या. त्यापेक्षा आठवड्यातला एक तास बाईंना मोकळा द्या.