प्राणायाम अंगावर येतो तेव्हा

कोल्हापुरात पहाटे रंकाळ्याच्या काठाने किंवा शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात फिरायला गेलं की प्राणायाम करणारी मंडळी दिसतातच. मोबाइलवर बघून घरच्या घरी करणारेही पुष्कळ. बहुतेकांना त्याचा फायदाच होतो. काहींचं मात्र उत्साहाच्या भरात प्रमाण सुटतं. मग हातापायांना मुंग्या येतात, कपाळात दाब वाटतो, पाठीच्या कण्यातून काहीतरी गरम वर सरकल्यासारखं होतं, अंगाला झटके बसतात, छाती धडधडते, रात्रीची झोप उडते. अशा वेळी सल्ले दोन टोकांचे मिळतात. एक जण म्हणतो, ‘कुंडलिनी जागी झाली, आता थांबायचं नाही.’ दुसरा म्हणतो, ‘डोक्यावर परिणाम झालाय.’ दोघांचंही ऐकण्याआधी काही गैरसमज तपासून घेतलेले बरे.

गैरसमज : जितका जोरात श्वास, तितका जास्त ऑक्सिजन.

वस्तुस्थिती : निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या श्वासावरही ९५ ते १०० टक्के ऑक्सिजनने भरलेलं असतं. त्यात भर घालायला फारशी जागाच नसते. भस्त्रिकेसारखा वेगवान श्वास बराच वेळ घेतला की बदलतो तो कार्बन डायऑक्साइड. तो गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो आणि रक्ताची आम्लता कमी होते. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरतं आणि डोकं हलकं वाटतं. रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं, म्हणून ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. कधी बोटं आखडून चिमटीसारखी होतात.

कपालभातीत जोर फक्त श्वास सोडताना द्यायचा असतो, आत येणारा श्वास आपोआप येऊ द्यायचा असतो. प्रत्येक फटक्याला छाती भरून श्वास ओढणाऱ्यालाही हाच त्रास होतो.

गैरसमज : मुंग्या आणि झटके ही शक्ती जागी झाल्याचीच खूण.

वस्तुस्थिती : वर सांगितलेला बदल कुणाच्याही शरीरात घडतो; त्यासाठी साधना लागत नाही. घाबरून धापा टाकणाऱ्या माणसालाही अशाच मुंग्या येतात. दवाखान्यात मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, काढताना रुग्णाला साधारण ३ मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला सांगतात, कारण अपस्माराची प्रवृत्ती असेल तर ती अशा श्वासाने आलेखावर उमटू शकते. अपस्मार असलेल्याने वेगवान प्राणायाम का टाळायचा, हे यावरूनच कळतं.

साधना करत नसतानाही मुंग्या येत राहिल्या, तर कारण वेगळं असू शकतं. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि मधुमेह ही नेहमी आढळणारी कारणं. थायरॉईड जास्त काम करत असेल तर धडधड, उष्णता आणि निद्रानाश होतो, आणि त्यालाच ‘ऊर्जा वाढली’ असं नाव दिलं जातं. साध्या रक्ततपासणीने हे कळतं.

गैरसमज : हे सगळे मनाचे खेळ.

वस्तुस्थिती : अनुभव खरा असतो, प्रश्न त्याच्या अर्थाचा आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागी होताना शरीरात काय काय घडतं, याचं सविस्तर वर्णन आहे. हा ग्रंथ १२९० सालचा. गुरूने शिष्याची शक्ती जागी करण्याच्या, म्हणजे शक्तिपाताच्या, परंपरेतले गुळवणी महाराज कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुडुत्रीचे, जन्म १८८६ चा. पुढे पुण्याचं वासुदेव निवास हे त्यांच्या कार्याचं केंद्र झालं. या परंपरेत दीक्षेनंतर आपोआप होणाऱ्या हालचालींना ‘क्रिया’ म्हणतात आणि त्या गुरूंच्या देखरेखीखाली होणं अपेक्षित असतं. एकट्याने, मोबाइलसमोर बसून मिळवायचं हे बक्षीस त्या परंपरेलाही मान्य नाही.

असे अनुभव फक्त आपल्याकडचे नाहीत. चीनमध्ये छीकुंग हा श्वास आणि हालचालींचा अभ्यास चुकीचा किंवा अति केल्याने होणाऱ्या त्रासाला स्वतंत्र नाव आहे. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ध्यान करणाऱ्या ६० जणांच्या सविस्तर मुलाखती होत्या. अंगातून वीज किंवा ऊर्जा वाहिल्यासारखं वाटणं, झोप कमी होणं, भीती वाटणं या गोष्टी तिथेही नोंदल्या गेल्या. काहींना त्याचा आनंद झाला, काहींचं रोजचं जगणं विस्कटलं.

गैरसमज : त्रास म्हणजे शुद्धी, नेटाने पुढे रेटायचं.

वस्तुस्थिती : हठयोगाचे जुने ग्रंथ याच्या उलट सांगतात. स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत प्राण हळूहळू वश करावा असं बजावलं आहे. त्यासाठी सिंह, हत्ती आणि वाघ यांना माणसाळवण्याचा दाखला दिला आहे. चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोकेदुखी, कान आणि डोळ्यांचे विकार होतात, अशी यादीही तिथे आहे.

कोल्हापूरला हे तालमीच्या भाषेत लगेच पटावं. नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी हजार बैठका मारायला लावत नाही. जोर-बैठका, खुराक आणि झोप यांचा मेळ बघूनच तो आकडा वाढवतो. प्राणायामात फुप्फुसं, हृदय आणि मज्जासंस्था यांनाही तेवढाच वेळ द्यावा लागतो.

लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी प्राणायाम प्रयोगशाळेत नेला आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून निष्कर्ष मांडले. तपासून बघण्याची ही सवय महाराष्ट्रातच शंभर वर्षं जुनी आहे.

गैरसमज : योग नैसर्गिक आहे, त्याने अपाय होऊच शकत नाही.

वस्तुस्थिती : अपाय क्वचित होतो, पण होतो. जगभरातल्या प्रकाशित नोंदींचा २०१३ साली आढावा घेतला गेला, तेव्हा योगाशी जोडलेल्या दुखापतींची ७६ उदाहरणं सापडली. त्यांत शीर्षासन आणि जोरकस श्वसन ठळकपणे पुढे होते. कपालभातीनंतर एका २९ वर्षांच्या निरोगी स्त्रीच्या छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठल्याची नोंद २००४ मध्ये झाली. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो, हे भारतातल्याच अभ्यासात दिसलं; काचबिंदू असलेल्यांनी ते टाळावं. गर्भवती स्त्रियांनी आणि हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा हर्निया असलेल्यांनी जोरकस प्राणायाम आणि दीर्घ कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

गैरसमज : यावर उपाय म्हणजे आणखी ध्यान.

वस्तुस्थिती : आधी मात्रा कमी करायची. त्रास सुरू होताच प्राणायाम थांबवा, डोळे उघडा, पाय जमिनीवर टेकवून बसा. नाकाने साधा, हलका श्वास घ्या. श्वास सोडायला थोडा जास्त वेळ द्या. मुंग्या सहसा काही मिनिटांत ओसरतात. तोंडावर कागदी पिशवी धरण्याची जुनी युक्ती करू नका. दम्याचा किंवा हृदयाचा झटका असेल तर ती धोक्याची ठरते.

अस्वस्थता दिवसभर रेंगाळत असेल तर वेगवान श्वसन, कुंभक, बंध आणि लांबलेलं ध्यान काही आठवडे पूर्ण बंद ठेवा. उपवास आणि जागरणं टाळा, चहा-कॉफी कमी करा, वेळेवर पोटभर जेवा. चालणं, बागकाम, धुणीभांडी अशी अंग हलवणारी कामं करा आणि माणसांत राहा. अंगात काय होतंय हे दर पाच मिनिटांनी तपासत बसलं की लक्षणं वाढल्यासारखी वाटतात. त्याच शोधात रात्री व्हिडिओ बघत बसणं तर अगदी नको.

गैरसमज : आध्यात्मिक त्रासाला डॉक्टर काय करणार?

वस्तुस्थिती : छातीत दुखणं, अचानक धाप लागणं, शुद्ध हरपणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं यांपैकी काहीही झालं तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. सलग काही रात्री झोप नसतानाही थकवा न येणं, विचारांचा वेग आवरेनासा होणं, आपल्याला खास कार्यासाठी निवडलं आहे अशी खात्री वाटणं, आवाज ऐकू येणं किंवा जीव नकोसा होणं, ही मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याची लक्षणं आहेत. घरच्यांनी ‘साधनेतली अवस्था’ म्हणून वाट बघू नये. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. चालू असलेली औषधं मात्र कुणा साधकाच्या सल्ल्याने बंद करायची नाहीत. डॉक्टरांना कोणता अभ्यास, किती वेळ आणि कधीपासून करता, हे स्पष्ट सांगा.

बरं वाटल्यावर परत सुरुवात करायची, तर आसनं आणि शवासनापासून करा. मग मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास, न ओढता, पाच मिनिटं. हे काही आठवडे निर्धास्त जमलं, झोप आणि भूक ठीक राहिली, तरच वेळ वाढवा, तोही समोर बसून शिकवणाऱ्या जाणकाराच्या नजरेखाली. प्रगती मोजायची तर अंगातल्या झिणझिण्यांवरून मोजू नका. झोप नीट लागते का, भूक लागते का, घरच्यांवर खेकसणं कमी झालं का, एवढं बघा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरच्यांनाच विचारा.