वाशिमहून मुक्तांगणाकडे : किशोरवयीन व्यसनाच्या उपचाराची वाट

ऐंशीच्या दशकात गर्द, म्हणजे अशुद्ध हेरॉइनची तपकिरी पूड, मुंबई-पुण्यातील तरुणांपर्यंत पोहोचली, तेव्हा डॉ. अनिल अवचट यांनी त्या तरुणांविषयी लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी उपचारकेंद्रासाठी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली, आणि त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याच रुग्णालयात काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी केंद्राची जबाबदारी स्वीकारली आणि १९९७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ती वाहिली. पुढे ती त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांच्याकडे आली.

व्यसन हा आजार आहे, तो व्यसनी माणसाच्या स्वभावाचा दोष नव्हे, या भूमिकेवर मुक्तांगणाची सारी रचना उभी आहे. नशा अचानक थांबल्यावर अंगदुखी, उलट्या, निद्रानाश, कासाविशी असा जो त्रास होतो, ज्याला गर्दच्या रुग्णांमध्ये ‘टर्की’ म्हणतात, तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधांनी आटोक्यात आणणे हा उपचाराचा पहिला आणि तुलनेने सोपा भाग असतो. साधारण पस्तीस दिवसांच्या निवासातील उरलेला काळ समुपदेशन, गटचर्चा, योग, संगीत आणि शिस्तबद्ध दिनक्रम यांना दिला जातो, आणि येथील समुपदेशकांपैकी अनेकजण स्वतः कधीकाळी व्यसनाच्या गर्तेतून बाहेर आलेले असल्यामुळे नव्याने दाखल झालेल्या माणसाला आपली लपवाछपवी ओळखणारा, तरीही आपल्याला न हिणवणारा कोणीतरी समोर भेटतो. मात्र या संस्थेचे सर्वांत मोलाचे देणे कुटुंबाविषयीच्या तिच्या समजुतीत आहे. एका माणसाच्या व्यसनाने घरातील प्रत्येकाचे वागणे बदलते, कोणी पैसे पुरवते, कोणी शाळेला खोटी कारणे कळवते, कोणी मारहाण करते. म्हणून घरच्यांनाही उपचारात सामावून घेतले जाते, रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो आणि घरी परतलेल्या रुग्णाशी पाठपुराव्याच्या भेटींतून संबंध राखला जातो.

ही समजूत किशोरवयीन मुलाच्या बाबतीत अधिकच लागू पडते, कारण पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा बहुधा आपणहून उपचार मागत नाही. मदत मागायला प्रथम येते ती त्याची आई, मामा किंवा शिक्षक. तो यायला तयार नसला, तरी घरच्यांनी एकट्याने जाऊन सल्ला घेण्यात काहीच अडचण नसते, आणि उपचाराची खरी सुरुवात पुष्कळदा अशाच भेटीत होते.

वाशिममधील घरच्यांपुढे मात्र अंतराचाही प्रश्न असतो. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या, वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांच्या वाशिम जिल्ह्यातील बहुसंख्य वस्ती ग्रामीण आहे, आणि तेथून पुणे चारशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. विदर्भातील अनेक मुलांची तंबाखूशी पहिली ओळख खर्ऱ्यातून, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेल्या मिश्रणातून होते, आणि ते इतके सर्रास दिसते की घरच्यांना त्यात धोका वाटत नाही. दारू आणि गांजा यांच्याखेरीज पंक्चरचे सोल्युशन, थिनर, व्हाइटनर यांची वाफ हुंगण्याचे व्यसन विशेष करून मुलांचे आहे : केंद्र सरकारच्या वतीने दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा आढळला, ज्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा (०.५८ टक्के) दहा ते सतरा वयोगटात (१.१७ टक्के) जास्त होते. या पदार्थांनी हृदयाची लय बिघडून पहिल्याच वेळीही मृत्यू ओढवू शकतो, आणि ही सवय सोडवणारे खास औषध उपलब्ध नसल्याने भर समुपदेशनावर आणि मुलाचा दिवस नव्याने बांधण्यावरच द्यावा लागतो.

पुणे इतके दूर असल्याने तिकडची गाडी धरण्यापूर्वी जिल्ह्यातील दारे ठोठावणे शहाणपणाचे आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाअंतर्गत जिल्हा रुग्णालयातून मानसोपचाराची सेवा दिली जाते. दहा ते एकोणीस वयोगटासाठी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातील ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये मुलाला शरीराच्या इतर तक्रारींच्या निमित्तानेही नेता येते. आणि अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शेजारच्याच जिल्ह्यात आहे. बऱ्याच मुलांना दाखल होण्याची गरजच नसते, शाळा न सोडता बाह्यरुग्ण विभागातील नियमित भेटी त्यांना पुरतात. मात्र दारू किंवा झोपेच्या गोळ्या रोज घेणाऱ्याची नशा घरी कोंडून एकाएकी तोडणे घातक आहे, कारण त्यातून झटके येऊन आणि वातभ्रम होऊन प्राणावर बेतू शकते.

दाखल करण्याची वेळ आलीच, तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील ८७ वे कलम पालकांनी समजून घेतले पाहिजे, कारण दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्थांचा या कायद्याने मानसिक आजारात समावेश केला आहे. अठरा वर्षांखालील मुलासाठी अर्ज त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे सामान्यतः पालक, करतो. दोन मानसोपचारतज्ज्ञ, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक अन्य मानसिक आरोग्य व्यावसायिक वा डॉक्टर, मुलाला स्वतंत्रपणे तपासतात. त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते. प्रतिनिधीने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने पूर्ण काळ त्याच्यासोबत राहायचे असते. आणि ७२ तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवणे बंधनकारक असते. हंगामाच्या दिवसांत शेत सोडून महिनाभर मुलाजवळ थांबणे वाशिमच्या शेतमजूर आईबापांना किती जड जाते, याची जाणीव कायदा करणाऱ्यांनी ठेवलेली दिसत नाही, आणि जिल्ह्यातच मुलांसाठी स्वतंत्र खाटा असाव्यात या मागणीला त्यामुळेच बळ मिळते. तरीही सोबत राहण्याची ही अट मुलाचे संरक्षण करते. जे केंद्र पालकांना भेटू देत नाही, साखळी, मारहाण किंवा ‘दोन महिन्यांनी न्यायला या’ अशी भाषा वापरते, नोंदणीची कागदपत्रे दाखवत नाही, तेथे मूल ठेवू नये, भले ते घराजवळ आणि स्वस्त असो. मुक्तांगण असो वा दुसरे कोणतेही केंद्र, निघण्यापूर्वी फोन करून अठरा वर्षांखालील मुलांची वेगळी व्यवस्था आहे का, हे विचारून घ्यावे.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरे गप्प राहतात. परंतु रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानेच डॉक्टरांवर घातले आहे, आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे ६४ ए हे कलम, अल्प प्रमाणातील पदार्थाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण देते. उलट बालन्याय अधिनियम, २०१५ च्या ७७ व्या कलमानुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास होऊ शकतो. घरात मुलाच्या व्यसनाची शंका आली असेल, तर त्याच्या होकाराची वाट न पाहता ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ किंवा व्यसनमुक्तीच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर आजच बोलावे. मूल संकटात असल्यास १०९८ हा क्रमांक आहे.