‘आलोच’ म्हणजे नेमकं कधी?

मंद्रूपच्या स्टँडवर एसटीची वाट बघणारा माणूस सोलापूरच्या मित्राला फोनवर सांगतो, ‘आलोच!’ रूप भूतकाळाचं, येणं अजून व्हायचंय. तरी आपला गोंधळ होत नाही. इथे भूतकाळी रूप वेळ सांगत नाही, खात्री देतं.

बायबलमधली भविष्यवाणी वाचताना हे लक्षात ठेवा. यशयाच्या ९व्या अध्यायात बाळाच्या जन्माचं क्रियापद हिब्रूच्या पूर्ण रूपात आहे. हे रूप क्रिया पूर्ण झाल्याचं दाखवतं. ती कधीची, हे संदर्भावरून ठरवावं लागतं. म्हणूनच काही अभ्यासक तिथे त्याच काळातला राजपुत्र हिज्कीया बघतात, तर ख्रिस्ती परंपरा सुमारे सात शतकांनंतरचा येशू. नुसत्या क्रियापदाने हा वाद मिटत नाही.

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतली वासराची भाकणूक वेगळी. ती येत्या वर्षाच्या पाऊसपाण्याची असते, वर्ष सरल्यावर ताडून बघता येते. पण दानीएलमधले २,३०० दिवस म्हणजे तितकी वर्षं असं धरून विल्यम मिलरच्या अमेरिकेतल्या अनुयायांनी येशूच्या पुनरागमनाची तारीख काढली: २२ ऑक्टोबर १८४४. त्या भरवशावर काहींनी पिकंसुद्धा कापली नाहीत. तो दिवस तसाच गेला.

तेव्हा कुठलाही जुना मजकूर हातात घेतलात की आधी विचारा, हे विधान तारीख सांगतंय की खात्री? तारीख असेल तरच कॅलेंडर उघडा.